श्रींच्या समोरचा क्षण : प्रार्थना कशी करावी?

तीर्थक्षेत्री येणाऱ्या बहुतेक भाविकांचा अनुभव सारखाच असतो. रात्रीचा प्रवास, पहाटेचे स्नान, हातात हार, तुळस व नारळाचे ताट आणि मग दर्शनबारीत काही तासांची प्रतीक्षा. यात्रेच्या दिवसांत तर ही प्रतीक्षा दिवसभराचीही होते. बारी हळूहळू सरकते. सभामंडप येतो, उंबरठा येतो आणि ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप केला, तो क्षण समोर येऊन उभा राहतो. पुजारी हार घेतात, भाविक चरणांवर मस्तक ठेवतो, मागून ‘पुढे चला, पुढे चला’ असा पुकारा होतो आणि अवघ्या काही सेकंदांत सारे आटोपते. बाहेर येऊन ओट्यावर टेकताना पुष्कळांच्या मनात हुरहूर दाटते : ‘देवाला सांगायचे होते, ते राहूनच गेले.’

ही हुरहूर खोटी नव्हे. कोणी मुलीच्या दीर्घ आजाराची काळजी घेऊन आलेला असतो, कोणाच्या शेतावर कर्जाचा बोजा असतो, कोणाचे सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे बोलणे नसते, कोणी नुकतेच घरातील माणूस गमावलेले असते. एवढे मोठे दुःख उराशी बाळगून माणूस दूरवरून येतो आणि गाभाऱ्यात मात्र सवयीने हात जोडून ‘देवा, सर्वांना सुखी ठेव’ एवढेच पुटपुटून परततो. शब्द चुकीचे नसतात. परंतु ते त्याचे स्वतःचे नसतात. आपुलकीने, नेमकेपणाने आणि मनापासून प्रार्थना करणे हे शिकता येते. आपल्या संतपरंपरेने ते शिकविलेही आहे. त्या शिकवणुकीचा थोडक्यात परिचय भाविकांस व्हावा, या हेतूने हा पाठ दिला आहे.

१. प्रार्थना या शब्दाचा अर्थ

‘प्रार्थना’ हा शब्द ‘अर्थ्’ या संस्कृत धातूला ‘प्र’ हा उपसर्ग लागून तयार झाला आहे. ‘अर्थ्’ म्हणजे मागणे, याचना करणे. ‘प्र’ने त्या मागण्याला तीव्रता येते. तेव्हा प्रार्थनेच्या मुळाशी मागणे आहे, हे उघड आहे. देवाजवळ काही मागणे हा कमीपणा आहे, अशी समजूत करून घेऊन काही भाविक उगाच संकोचतात. श्रीमद्भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी असे चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत. संकटात सापडलेला तो आर्त, जाणून घेऊ इच्छिणारा तो जिज्ञासू, काही मिळावे म्हणून येणारा तो अर्थार्थी आणि देवाला ओळखून त्याच्याशी एकरूप झालेला तो ज्ञानी. यांत ज्ञानी भक्त भगवंतांस अत्यंत प्रिय असला तरी उरलेल्या तिघांनाही त्यांनी उदारच म्हटले आहे. दुःखात हाक मारणाऱ्याला भगवंतांनी दाराबाहेर ठेवलेले नाही.

मात्र मागण्याचेही एक वळण असते. बाजारात दुकानदाराकडे मागणे वेगळे आणि लहान मुलाने आईपाशी मागणे वेगळे. दुकानदाराशी संबंध वस्तू हाती पडेपर्यंतचा असतो. मूल मात्र वस्तू मिळाली तरी आईपाशी थांबते आणि नाही मिळाली तरी तिच्याच पदरात तोंड लपवून रडते. प्रार्थना अर्थपूर्ण होते ती याच दुसऱ्या नात्याने. काय मागितले, यापेक्षा कोणत्या नात्याने मागितले, याला अधिक महत्त्व आहे.

२. संकल्पात दडलेला धडा

पूजा, अभिषेक वा सत्यनारायण यांपैकी कोणतेही कार्य आरंभताना पुरोहित यजमानाच्या हाती पाणी देऊन संकल्प सोडण्यास सांगतात. त्या वेळी कोणते संवत्सर, कोणता मास, कोणता पक्ष, कोणती तिथी, कोणता वार हे उच्चारले जाते. गोदावरीच्या कोणत्या तीरावरील प्रदेश, याचाही उल्लेख होतो. त्यानंतर यजमानाचे नाव व गोत्र येते आणि हे कर्म कशासाठी करावयाचे, तो हेतू येतो. पुष्कळ यजमान हे सारे यांत्रिकपणे ऐकतात, विचारल्यावर नाव-गोत्र सांगतात आणि ताम्हनात पाणी सोडतात.

वस्तुतः प्रार्थनेचा पहिला धडा येथेच आहे. काळाचा एवढा विस्तार, पृथ्वीचा एवढा विस्तार, आणि त्यात आजच्या या दिवशी, या ठिकाणी, या नावाचा एक माणूस हात जोडून बसला आहे, असे संकल्प सांगतो. प्रार्थना कोणा एका मोघम ‘भक्ता’ची नसते, ती अमुक एका माणसाची, अमुक एका दिवसाची असते. म्हणून भाविकाने प्रार्थनेपूर्वी मनातल्या मनात आपला स्वतःचा संकल्प साध्या मराठीत करावा : आज कोणता दिवस आहे, तो कोठून आला, त्याच्या घरी कोण कोण आहे आणि तो कशासाठी आला आहे. एवढे केले तरी भरकटलेले मन जागेवर येते.

३. पाठ केलेले शब्द आणि स्वतःचे शब्द

येथे एक प्रश्न साहजिकच उद्भवतो. मनातले शब्दच महत्त्वाचे असतील, तर स्तोत्रे, आरत्या, हरिपाठ, नामजप यांचे प्रयोजन काय? केवळ सवयीने म्हटलेल्या स्तोत्राचा उपयोग होतो का?

याचे उत्तर श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्राच्या कथेत सापडते. मगराने पाय धरलेला तो बलाढ्य हत्ती दीर्घकाळ झुंजला. त्याचे बळ सरले, सोबतचा कळप हतबल झाला. त्या निर्वाणीच्या वेळी त्याला पूर्वजन्मी शिकलेले स्तोत्र आठवले आणि त्याच शब्दांत त्याने भगवंतांची प्रार्थना केली, असे भागवतकार सांगतात. सुखाच्या काळात पाठ केलेले शब्द संकटाच्या काळात असे धावून येतात. हॉस्पिटलच्या बाकावर रात्र काढणाऱ्या माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत. त्या वेळी लहानपणी आजीने शिकविलेले रामरक्षेचे चरण ओठांवर येतात आणि त्याला धीर देतात. म्हणून पाठांतर क्षुल्लक मानू नये.

परंतु पाठांतर हे घराच्या दारापर्यंत नेणाऱ्या पायवाटेसारखे आहे. दार उघडून आत जाणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते. यासाठी दोन साधे उपाय आहेत. पहिला उपाय असा की, रोज म्हणावयाच्या स्तोत्रातील एकच चरण त्या दिवसापुरता निवडावा, त्याचा अर्थ समजून घ्यावा आणि तो चरण आला की क्षणभर थांबावे. महिनाभरात सारे स्तोत्र नव्याने भेटते. दुसरा उपाय असा की, स्तोत्र संपल्यावर लगेच उठू नये. मिटल्या डोळ्यांनी दोन मिनिटे बसावे आणि स्वतःच्या बोलीत, घरात जसे बोलतो तसे, दोन-चार वाक्ये देवाशी बोलावीत. ही बोली वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोणतीही असो. जी भाषा आईला कळते, ती देवाला कळणार नाही, असे कसे होईल?

जपाच्या बाबतीतही शास्त्रकारांनी पायऱ्या सांगितल्या आहेत. मोठ्याने केलेला तो वाचिक जप, केवळ ओठ हलवून केलेला तो उपांशु जप आणि मनातल्या मनात केलेला तो मानस जप. हे उत्तरोत्तर श्रेष्ठ मानले आहेत. बाहेरून आत, आवाजाकडून शांततेकडे, असा हा प्रवास आहे. प्रार्थनेत बोलणे जसे असते, तसे बोलून झाल्यावर स्वस्थ राहणेही असते.

४. संतांनी दाखविलेली वाट

देवाशी नाते जोडून बोलावे कसे, याचे सर्वांत मोठे विद्यापीठ महाराष्ट्राच्या संतांनी उभे केले. त्यांच्यापैकी प्रत्येकाची बोलण्याची रीत निराळी आहे आणि म्हणूनच प्रत्येक भाविकाला त्यांत स्वतःची वाट सापडू शकते.

*संत नामदेव महाराज* हे विठ्ठलाशी लेकराच्या हट्टाने बोलतात. वडील घरी नसताना लहानग्या नामदेवाने नैवेद्याचे ताट राऊळात नेले आणि देवाने जेवावे म्हणून हटून बसला, अशी कथा परंपरेत सांगतात. नैवेद्य ‘दाखवावयाचा’ असतो, हे त्या बालकाला ठाऊकच नव्हते. तो खरोखर देवाला वाढावयास गेला होता. समोर मूर्ती नसून कोणीतरी आहे, या खात्रीने जो बोलतो, त्याची प्रार्थना आपोआपच जिवंत होते.

*संत जनाबाई* या नामदेवांच्या घरी दासी होत्या. दळण, कांडण, झाडलोट, शेणगोठा यांतच त्यांचा दिवस जाई. प्रार्थनेसाठी निराळी वेळ काढणे त्यांना शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी कामालाच प्रार्थना केले. देव शेजारी बसून दळू लागतो, वेचू लागतो, असे त्यांच्या अभंगांतून दिसते. पंढरपूरजवळील गोपाळपूर येथे जनाबाईंचे जाते आजही भाविकांस दाखविले जाते. ‘देवपूजेला वेळच मिळत नाही’, असे म्हणणाऱ्या प्रत्येक गृहिणीने आणि नोकरदाराने ते जाते आठवावे. *संत सावता महाराज* यांनीही अरण येथील आपल्या मळ्यातील भाजीपाल्यात विठ्ठल पाहिला. हातातले काम टाकून देवाकडे जावे लागत नाही, ही त्यांची शिकवण होय.

*संत चोखामेळा* यांची प्रार्थना मात्र वाचणाऱ्याला अंतर्मुख करणारी आहे. जातीमुळे त्यांना मंदिरात प्रवेश नव्हता. महाद्वाराबाहेर उभे राहून ते विठ्ठलाशी बोलले. त्या बोलण्यात भक्ती आहे, वेदना आहे आणि ‘हे असे का?’ असा प्रश्नही आहे. त्यांच्या पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि पुत्र कर्ममेळा यांच्याही अभंगांतून तीच आर्तता आणि तोच प्रश्न उमटतो. मंगळवेढे येथे गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. त्यांना न उघडलेले ते दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केले आणि त्या प्रयत्नांस यश येऊन हरिजन बांधवांना विठ्ठलमंदिरात प्रवेश मिळाला. आज बारीत उभ्या असलेल्या भाविकाने हे विसरू नये की, गाभाऱ्यात पाऊल न ठेवताही चोखोबांची प्रार्थना पोहोचली होती. आणि शेजारच्या माणसाला हीन लेखून केलेली प्रार्थना गाभाऱ्यात उभे राहूनही पोहोचेल, याचा भरवसा नाही.

*समर्थ रामदासस्वामी* यांच्या करुणाष्टकांत पश्चात्ताप आणि तळमळ आहे, तर मनाच्या २०५ श्लोकांत ते स्वतःच्या मनालाच समजावितात. प्रार्थनेत देवाशी बोलावयाचे असते, तसे स्वतःच्या मनालाही चार शब्द सांगावयाचे असतात, हे येथे शिकावे. दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थांनी श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंत नवविधा भक्तीचा क्रम उलगडून दाखविला आहे. त्या क्रमातील आठवी पायरी सख्याची, म्हणजे देवाशी मैत्रीची आहे, हे विशेष होय. मित्रापाशी माणूस काही लपवीत नाही.

५. नवस आणि व्यवहार

‘अमुक झाले तर तमुक करीन’, असा नवस बोलण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. नवसामागे अनेकदा खरीखुरी अगतिकता असते, तिची थट्टा करू नये. तथापि नवस आणि प्रार्थना यांतील भेद भाविकाने जाणून घ्यावा.

भागवताच्या सातव्या स्कंधात भक्त प्रल्हादाची कथा आहे. नृसिंहांनी प्रसन्न होऊन वर मागण्यास सांगितले, तेव्हा तो बालक म्हणाला की, जो लाभाच्या आशेने सेवा करतो तो सेवक नसून व्यापारी होय. वर द्यावयाचाच असेल तर मनात वासनाच उपजू नये, एवढे त्याने मागितले. पुढे ज्या पित्याने त्याचा अनन्वित छळ केला, त्याच्या उद्धाराची त्याने याचना केली. मागणे कोठवर वर जाऊ शकते, याचा हा आदर्श आहे.

ज्यांना नवस बोलल्याशिवाय राहवत नाही, त्यांनी तो असा बोलावा की, पूर्ण झाला वा न झाला तरी त्यातून कोणाचे तरी भले होईल. नवस फेडण्यासाठी कर्ज काढू नये. देहाला इजा होईल किंवा मुक्या जिवाला त्रास होईल, असे काही ठरवू नये. व्यसन सोडणे, गरजू मुलाच्या वह्या-पुस्तकांचा भार उचलणे, रुसलेल्या नातलगाच्या घरी आपण होऊन जाणे, हेही नवस होऊ शकतात. आजारपणात नवस बोलणाऱ्यांनी डॉक्टरांचे उपचार अर्धवट सोडू नयेत. प्रार्थना औषधाच्या जागी घ्यावयाची नसते. औषध देणाऱ्याच्या हाताला यश यावे आणि सोसणाऱ्याच्या मनाला बळ मिळावे, यासाठी ती करावयाची असते.

६. मागितले ते मिळाले नाही तर?

प्रार्थनेच्या मार्गावरील सर्वांत कठीण वळण हेच आहे. पुष्कळांची श्रद्धा येथेच डळमळते. ‘एवढे केले, तरी देवाने ऐकले नाही’, असे म्हणत कोणी देव्हाऱ्याकडे पाठ फिरवितो, तर कोणी ‘आपल्याच भक्तीत खोट असेल’, असे समजून स्वतःला दोष देत बसतो. ज्या आईने मूल गमावले, तिला ‘तुझी प्रार्थना कमी पडली’, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. कोणत्याही संताने तसे सांगितलेले नाही.

या ठिकाणी जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचे चरित्र आठवावे. सतराव्या शतकात, इ. स. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. देहूजवळच्या भंडारा डोंगरावर ते एकांतात बसले. त्यांच्या साडेचार हजारांच्या आसपास अभंगांत विठ्ठलाची स्तुती आहे, तशीच विठ्ठलाशी कडकडून केलेली भांडणेही आहेत. ते देवाला जाब विचारतात, त्याच्यावर रुसतात, त्याला कठोर शब्द ऐकवितात, पण बोलणे थांबवीत नाहीत. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या, तेव्हा तेरा दिवस ते नदीकाठच्या शिळेवर अन्नपाण्याविना बसून राहिले, असे परंपरा सांगते. ती धरणे धरून केलेली प्रार्थनाच होती.

यातून भाविकाने घ्यावयाचा बोध असा की, देवावर रागावणे हे भक्तीच्या बाहेरचे नाही. परका माणूस वाईट वागला तर आपण त्याला सोडून देतो. भांडतो ते आपल्याच माणसाशी. दुःखात कोरडी स्तुती ओठांवर आणण्यापेक्षा ‘देवा, मला हे सोसत नाही, आणि तू असे का केलेस हे मला कळत नाही’, असे सरळ म्हणणे अधिक प्रामाणिक होय.

मागितलेले न मिळताही काही मिळते, असाही पुष्कळांचा अनुभव आहे. ध्रुवबाळ वनात गेला तो सावत्र आईने केलेल्या अपमानाने पेटून, मोठे पद मिळविण्यासाठी. पद त्याला मिळालेही. पण प्रत्यक्ष भगवंत भेटल्यावर आपण किती क्षुल्लक मागणे घेऊन आलो, याची त्याला खंत वाटली, असे भागवतात वर्णन आहे. कुंतीमातेने तर श्रीकृष्णांपाशी संकटेच येत राहोत, असे मागितले. कारण संकटातच त्यांचे दर्शन घडत होते. सामान्य माणसाने संकट मागावे, असे नव्हे. परंतु प्रार्थना करता करता मागणारा स्वतःच बदलत जातो, हे या दोन्ही कथांचे मर्म आहे. परिस्थिती तीच राहिली तरी तिला तोंड देणारा माणूस तोच राहत नाही.

७. स्वतःपासून सर्वांपर्यंत

प्रार्थनेचा आरंभ स्वतःपासून व्हावा, परंतु शेवट तेथे होऊ नये. संत ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे गीतेवरील भाष्य पूर्ण केले आणि अठराव्या अध्यायाच्या अखेरीस विश्वात्मक देवापाशी प्रसाद मागितला. तेच पसायदान होय. संन्याशाची मुले म्हणून या भावंडांना समाजाने वाळीत टाकले होते. मातापित्यांचे छत्र कोवळ्या वयात हरपले होते. मागण्यासारखे आणि तक्रार करण्यासारखे त्यांच्यापाशी पुष्कळ होते. तरीही त्या नऊ ओव्यांत स्वतःसाठी काही नाही आणि छळणाऱ्यांविषयी कटू शब्द नाही. दुष्टांचा नाश व्हावा, असेही ते मागत नाहीत. त्यांच्या मनातील दुष्टपण तेवढे जावे, असे मागतात.

महाराष्ट्रातील कीर्तने, व्याख्याने, शाळांचे समारंभ यांची सांगता पसायदानाने करण्याचा प्रघात आहे. उठण्याच्या घाईत ते म्हटले जाऊ नये. म्हणताना ज्या व्यक्तीविषयी मनात अढी आहे, तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणावा. हे अवघड आहे, पण पसायदानाचा अर्थ त्या क्षणी जितका उमगतो, तितका पुस्तकातून उमगत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीही गावोगावी सामुदायिक प्रार्थनेचा प्रसार केला, तो याच हेतूने. एकत्र बसून प्रार्थना करणाऱ्यांची मने जवळ यावीत आणि गाव एक व्हावे, अशी त्यांची दृष्टी होती.

८. यात्रेतील अभ्यास

वरील विवेचन प्रत्यक्षात उतरविण्यासाठी भाविकांनी पुढील क्रम अवलंबून पाहावा.

*घरून निघण्यापूर्वी :* यात्रेला का जात आहोत, हे एका कागदावर दोन-तीन ओळींत लिहावे. ‘सुखशांती लाभावी’ असे मोघम लिहू नये. ‘थोरल्या भावाशी सहा वर्षे बोलणे नाही, चूक माझीही आहे, पहिला शब्द बोलण्याचे बळ दे’, असे नेमके लिहावे. घरातील वृद्धांना व मुलांनाही ‘देवाला तुमचे काय सांगू?’ असे विचारून घ्यावे.

*दर्शनबारीत :* हा वेळ वाया जाणारा नव्हे; खरी प्रार्थना करण्यास इतका मोकळा वेळ एरवी मिळत नाही. मोबाईल बंद ठेवावा. पहिला काही वेळ नामस्मरण करावे. त्यानंतर मानसपूजा करावी. आवाहन, आसन, स्नान, वस्त्र, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य असे उपचार मनानेच श्रींना अर्पण करावेत. मग वर्षभरात ज्यांनी उपकार केले, त्यांची आठवण करावी. आपल्याकडून जे चुकले, त्याची स्वतःशी कबुली द्यावी. आणि शेवटी आपले मागणे श्रींपुढे ठेवावे. कृतज्ञता, कबुली व मागणे, हा क्रम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. पुढे ढकलाढकल न करणे आणि शेजारी उभ्या असलेल्या वृद्धेस बसावयास जागा करून देणे, ही याच पूजेची अंगे समजावीत.

*गाभाऱ्यात :* येथे काहीही आठवण्याचा वा मागण्याचा प्रयत्न करू नये. सांगावयाचे ते बारीत सांगून झालेले असते. येथे केवळ पाहावे. डोळे मिटून घेण्यापेक्षा उघड्या डोळ्यांनी श्रींचे मुख न्याहाळावे आणि ‘मी आलो आहे’ एवढेच म्हणावे. ते काही क्षण पुरेसे असतात.

*बाहेर आल्यावर :* लगेच पादत्राणांकडे व प्रसादाच्या दुकानाकडे वळू नये. सभामंडपाबाहेर थोडा वेळ टेकावे. दर्शनानंतर मंदिरात क्षणभर बसण्याची जी जुनी रीत आहे, तिचे कारण हेच. बोलणे संपल्यावर ऐकण्यासाठी हा वेळ असतो. त्या शांततेत मनात जो विचार पुन्हा पुन्हा येतो, तो नीट पाहावा.

*घरी परतल्यावर :* कागद देव्हाऱ्यात ठेवावा आणि त्यातील मागण्यापैकी जे स्वतःच्या हाती आहे, ते आठ दिवसांत करावे. भावाला दूरध्वनी करावयाचा असेल तर तो करावा. प्रार्थनेची सांगता गाभाऱ्यात होत नाही, ती येथे होते. त्यानंतर रोज निजण्यापूर्वी पाच मिनिटे याच क्रमाने देवाशी बोलण्याचा परिपाठ ठेवावा. एखादे दिवशी मन लागले नाही तरी नेम मोडू नये. ‘आज मन लागत नाही’, हेही देवालाच सांगावे.

९. दान हीही प्रार्थना

श्रींच्या चरणी देणगी अर्पण करणाऱ्या दात्यांनीही या पाठाचा विचार करावा. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्य आहे, या भावनेने, परतफेडीची अपेक्षा न धरता, योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक दान. मोबदल्याच्या आशेने किंवा कष्टी मनाने दिलेले ते राजस. अवहेलना करून, अयोग्य स्थळी व अपात्री दिलेले ते तामस. रकमेचा उल्लेख या विवेचनात कोठेही नाही. पान, फूल, फळ वा पाणी भक्तीने दिले तरी ते आपण स्वीकारतो, असे भगवंतांनी नवव्या अध्यायात सांगितलेच आहे.

म्हणून दानपेटीत टाकलेले नाणे असो वा अन्नदानासाठी दिलेली मोठी रक्कम असो, देताना क्षणभर थांबावे आणि त्या अन्नाचा घास घेणाऱ्या अनोळखी माणसासाठी मनात एक शब्द बोलावा. पावती व्यवहारासाठी घ्यावी, मनात मात्र हिशेब ठेवू नये. ज्यांना देणगी देणे शक्य नाही, त्यांनी तिळमात्र संकोच करू नये. पालखीच्या वाटेवर तहानलेल्या वारकऱ्याला दिलेले तांब्याभर पाणी याच दानात जमा होते.

देव भावाचा भुकेला आहे, असे घराघरांतील वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. शब्द अडखळले, उच्चार चुकले, डोळ्यांत पाणी आले आणि काहीच बोलता आले नाही, तरी चिंता करू नये. मुकाट्याने उभ्या राहिलेल्या लेकराच्या मनातले आईला कळते. पुढील वेळी बारीतून बाहेर पडताना ‘सांगायचे राहून गेले’, ही हुरहूर कोणाही भाविकाच्या मनात न उरो आणि श्रींच्या समोरचा तो क्षण प्रत्येकाला घरापर्यंत पुरो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥